आगामी कार्यक्रम आणि ओलं फडकं

ज्या फळ्यावर दोन वर्षं मी दुसऱ्यांची नावं लिहिली, त्याच फळ्यावर स्वतःचं नाव किती मोठं लिहावं, या एका काळजीनं मला झोप लागली नाही. हसू नका! ठळक लिहिलं तर लोक म्हणणार, "बाईंना शिंगं फुटली." बारीक लिहिलं तर म्हणणार, "बाईंची बाईंनाच खात्री नाही." यातलं दुसरं खरं होतं, म्हणून त्याचीच जास्त भीती.

पण ती हकिगत शेवटी. आमच्या वाचनालयाच्या मंडळाचा एक किस्सा सांगायला घेतला की त्याच्या पदराला धरून दुसरा येतो. फळा पुसल्यावर खडूची भुकटी खालच्या पट्टीवर साठते ना, तसे हे किस्से साठलेत. मुद्दाम कुणी साठवले नाहीत, कुणी झटकलेही नाहीत. नुसतं बोट लावलं तरी बोट पांढरं होतं.

ठाण्यात तेव्हा कॉलेज नव्हतं. विद्यापीठ मुंबईला. पण त्या वर्षांत विद्यापीठानं एक फार चांगली सोय केली होती. गावोगावच्या वाचनालयांत आपले प्राध्यापक पाठवायचे, व्याख्यानं द्यायची, ऐकायला कुणीही यावं. आम्हाला विद्यापीठात जाता येत नव्हतं, म्हणून विद्यापीठच गाडीत बसून, एका वेळी एक प्राध्यापक असं, आमच्याकडे येई.

वाचनालय तळ्याच्या पाळीपासून दोन मिनिटांवर. एक लांबट खोली, दोन पायऱ्या, पायऱ्यांशेजारी भिंतीला टेकवलेला फळा. आणि लगत पिठाची गिरणी! गिरणी साडेपाचला थांबायची, म्हणून व्याख्यान पावणेसहाला. संध्याकाळचं ऊन खिडकीतून तिरकं आत येई आणि त्यात पिठाचे कण तरंगत राहत. वक्ता कितीही कोरडा असो, त्या उजेडात तो जरासा स्वप्नातला वाटायचा. घरी जाताना आम्ही सगळेच थोडे थोडे पांढरे झालेले असायचो.

* * *

फळा माझ्याकडे कसा आला, ते ऐका.

नाना आमचे अध्यक्ष. पोस्टमास्तर म्हणून रिटायर झालेले. मी चिमीला कडेवर घेऊन पुस्तक बदलायला गेले होते. चिमी तेव्हा तीन वर्षांची. माझ्या खांद्याला भली मोठी पिशवी. तीत तिच्या पोटदुखीचं औषध, लिंबू, खडीसाखर, दोन झबली, एक कानटोपी. वैशाख होता, पण असू दे म्हटलं. वाऱ्याचा काय भरवसा?

मी वहीत सही केली. नानांनी वही आपल्याकडे फिरवली, उजेडात धरली.

"वहिनी, शिक्षण कुठवर?"

"इंटर आर्ट्‌स."

"मग पुढं?"

मी कडेवरच्या चिमीकडे पाहिलं.

"हा विषय अवघड आहे खरा!" नाना म्हणाले. त्यांनी ड्रॉवरमधून खडूची पेटी काढून माझ्यासमोर ठेवली. "आमचा फळा लिहीत जा."

"अहो, पण मला कुठं... माझं अक्षर काही..."

"वहिनी, माझा सगळा जन्म लोकांचं अक्षर लावण्यात गेला. आता उरलेली वर्षं तरी न लावता वाचू दे!"

* * *

फळ्यावर वर एक ओळ कायमची, ऑइलपेंटनं रंगवलेली: 'आगामी कार्यक्रम.' त्याखालचं सगळं खडूनं, माझ्या हातचं.

चिमीला मात्र खडू फक्त खायचा असतो, असं वाटे. मी घाबरून तिला डॉक्टरांकडे नेलं. बरोबर नमुना म्हणून अर्धा खडूही नेला. डॉक्टरांनी खडूकडे पाहिलं, चिमीच्या जिभेकडे पाहिलं, आणि सर्वांत जास्त वेळ माझ्याकडे पाहिलं.

"मुलगी ठीक आहे," ते म्हणाले. "आईला झोपेची गरज आहे."

खडूपासून तिचा हात दूर राहावा म्हणून मी तिच्या हातात ओलं फडकं दिलं. कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी फळा पुसायचं काम तिचं. खालचा भाग ती स्वतः पुसायची. वरच्यासाठी मी तिला उचलून धरायची. हळूहळू तिनं या कामाचे नियम बसवले. आधी बोट ठेवून विचारायची, "हे झालं?"

"झालं."

मग एकदा मान हलवायची आणि पुसायची. एखाद्या मामलेदारानं शिक्का मारावा, तशी!

* * *

विद्यापीठाकडून दर महिन्याला एक चक्रमुद्रित कागद पोस्टानं यायचा. त्यात मुंबईत व्हायच्या कार्यक्रमांची यादी. चित्रप्रदर्शन, सतारवादन, विद्यार्थ्यांचं नाटक, परदेशी पाहुण्यांचं भाषण. आमच्यापैकी कुणी तिथं जाणार नव्हतं. पण नाना म्हणाले, "कागद आला आहे, म्हणजे आमंत्रण आहे. लिहा!"

मी लिहायची. चित्रप्रदर्शन लिहिलं की दिवसभर माझ्या डोळ्यांपुढून निळी, हिरवी चित्रं जायची. त्यांत एकदा एक पांढरी होडी होती. ती मला इतकी आवडली की मी तिच्यापाशी बराच वेळ थांबले. घरी आमटी करपली. संध्याकाळी यांनी पहिला घास घेतला आणि शांतपणे विचारलं, "आज कुठलं प्रदर्शन होतं?"

पण मंडळातल्या अण्णांची सर मला नाही. अण्णा रेल्वेत कारकून होते. गुडघे गेले तशी मुंबई सुटली. रोज छत्री टेकत फळा वाचायला यायचे. एका शनिवारी पाहते तर इस्त्रीचा कोट, डोक्यावर टोपी, कानात अत्तराचा फाया!

"अण्णा, आज काय विशेष?"

"सहाला सतार आहे ना?"

"अहो, ती मुंबईत!"

"हो, हो. पण सहालाच आहे ना?"

असं म्हणून ते तळ्याकाठच्या बाकावर जाऊन बसले. डोळे मिटलेले, छत्रीच्या मुठीवर दोन्ही हात. मी चिमीला घेऊन तिथूनच फिरत होते. पाण्यावर ऊन विझत गेलं, बगळे उठून गेले, पलीकडच्या घरांत दिवे लागले. साडेसातला अण्णा उठले, कोटाची सुरकुती सारखी केली आणि मला म्हणाले, "मध्यंतरानंतर जास्त रंगलं असणार."

* * *

नानांची एक पद्धत होती. आधी जाहीर करायचं, होकार मागाहून! "पत्र टाकलं म्हणजे पोचलं. पोचलं म्हणजे वाचलं. वाचलं म्हणजे आलेच!" पोस्टावर एवढा विश्वास मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही.

अशा पद्धतीनं इतिहासाच्या एका मोठ्या प्राध्यापकांचं नाव फळ्यावर चढलं. विषय, 'खाडीकाठचे किल्ले.' आदल्या दिवशी कार्ड आलं: 'मी होकार दिल्याचे मला स्मरत नाही.'

नाना गडबडले नाहीत. "नकार दिल्याचंही त्यांना स्मरत नसणार!" म्हणाले.

रविवारी कुणी आलं नाही. सोमवारी चिमी फडकं घेऊन हजर. तेव्हा ती चार वर्षांची होती.

"हे झालं?"

"नाही गं. नाही झालं. पण पूस."

तिनं फडकं पाठीमागे नेलं. "झालं नाही, तर पुसायचं कसं?"

मी समजावलं. हट्ट! नानांनी लिमलेटची गोळी दिली. तिनं गोळी खाल्ली, आणि पुसलं नाही. मी स्वतः पुसायला हात नेला, तर असा टाहो फोडला की गिरणीवाला दळण सोडून बाहेर आला. शेवटी नाना म्हणाले, "राहू द्या वहिनी. पोरगी तत्त्वाची आहे."

झालं! प्राध्यापकांचं नाव फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागात तसंच. बाकीचे कार्यक्रम मी खाली दाटीवाटीनं लिहायची. एक आठवडा, दोन आठवडे, पाच आठवडे. मग कसं कोण जाणे, प्राध्यापकांचा भाचा ठाण्यात राहायचा, त्यानं ते पाहिलं. मामांना कळवलं, "ठाण्यात तुमचं व्याख्यान पाच आठवडे होतच आहे!"

प्राध्यापक स्वतः आले. गोरेपान, उंच, आणि चिडलेले. दारातच म्हणाले, "हा फळा कुणाच्या अखत्यारीत येतो?"

नानांनी चिमीकडे बोट दाखवलं.

चिमीनं त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं, मग फळ्यावरच्या नावाकडे पाहिलं. "तुम्ही हे?" तिनं विचारलं. "मग बोला ना!"

ते बोलले. दीड तास बोलले, आणि असं बोलले की खाडीच्या पाण्यावरून कुणी वल्हवत येत असल्याचा आवाज मला ऐकू येत होता. शेवटी पाणी पिऊन पायऱ्या उतरले, तर चिमी फडकं पिळून उभी.

"आता झालं?"

त्या माणसानं वाकून तिला उचललं आणि फळ्याच्या वरच्या भागापाशी धरलं. म्हणाले, "झालं बाई. पूस."

* * *

खगोलशास्त्राच्या प्राध्यापकांचा विषय होता, 'ताऱ्यांवरून दिशा कशी ओळखावी.'

पावणेसहा वाजले, सहा वाजले, साडेसहा झाले. थंडीचे दिवस, बाहेर अंधार पडला. एकेक जण उठून गेला. नानांनी पेट्रोमॅक्सला हवा भरली. साडेसातला आम्ही अकराजण उरलो, आणि त्यात माझ्या मांडीवर झोपलेली चिमी. तिला सरदी होईल का, या विचारात मी तिच्या डोक्याला टोपी, टोपीवर पदर आणि पदरावर शाल घातली होती.

तेवढ्यात प्राध्यापक आले. धापा टाकत, पण चेहरा हसरा. गाडीत डोळा लागला होता. ठाणं गेलं, कल्याण गेलं, जाग आली ती थेट आंबिवलीला!

कुणीही दुसरी सबब सांगितली असती. ते सरळ उभे राहून म्हणाले, "मंडळी, आंबिवलीला उतरलो तेव्हा आकाश अगदी स्वच्छ होतं. ध्रुवतारा मला लगेच सापडला. ठाणं मात्र स्टेशनमास्तरांनी दाखवलं."

मग ते म्हणाले, खोलीत कशाला, बाहेर चला. आम्ही अकराजण तळ्याकाठी गेलो. पाणी इतकं निश्चल होतं की त्यांनी वर बोट दाखवलं तरी अण्णा खालीच पाहत होते. प्राध्यापकांनी विचारलं, "आजोबा, वर नाही का बघत?"

"मान दुखते," अण्णा म्हणाले. "आणि खालीही तेच आहेत की!"

* * *

फळ्यावर लिहिलं की ते होतं, अशी चिमीची पक्की समजूत झाली होती. ती मला कोपऱ्यात आपली कामं लिहायला लावी. 'उद्या पेरू.' दुसऱ्या दिवशी पेरू मिळायचे. ठाण्यात हंगामात पेरूंना काय तोटा! पण तिनं जाऊन फडक्यानं पुसलं, अगदी गंभीरपणे. 'बाबा लवकर' लिहिलं, तर डोकं दुखतं म्हणून हे दुपारीच घरी आले. "तुम्ही येणारच होता," चिमीनं त्यांना सांगितलं. "फळ्यावर होतं."

मला मात्र भीती वाटू लागली. एवढा विश्वास कुणी आपल्यावर ठेवला की माणूस खडू उचलताना दोनदा विचार करतो. मी लिहिलेलं एखादं झालं नाही तर?

मग तिला गोवर निघाला. अंग तापलेलं, डोळे लाल, खिडकीला मी जाड पडदे लावलेले. तिसऱ्या दिवशी दुपारी ती म्हणाली, "आई, फळ्यावर लिही ना. गोवर जाणार."

शेजारणीला तिच्यापाशी बसवून मी भर उन्हात वाचनालयाकडे गेले. मी इंटर झालेली बाई! तर्कशास्त्राला मला चांगले मार्क होते! आजूबाजूला कुणी नाही असं पाहून मी अगदी कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं: 'गोवर जाणार.' आणि पळाले.

पाच दिवसांनी ती उठून बसली. तिला घेऊन मी फळ्यापाशी गेले. माझ्या ओळीपुढे दुसऱ्या कुणाचं तरी अक्षर होतं. चांगलंच वाईट अक्षर, पोस्टातलं.

'वेळ: लवकरच.'

* * *

हिराबाय आमच्याकडे भाजी द्यायची. कोपरीकडची. सासर-माहेर दोन्ही मिठागरातलं. भाजी खपली की टोपली उपडी करून वाचनालयाच्या पायरीवर बसायची. आत कधी यायची नाही. "मना हितं वारा लागतो," म्हणायची.

एकदा अर्थशास्त्राचे एक तरुण प्राध्यापक 'मिठाचा उद्योग' यावर बोलत होते. म्हणाले, "खाडीचं पाणी अडवतात, ऊन पडतं, पाणी आटतं, मीठ तयार होतं."

पायरीवरून आवाज आला, "मास्तर, तुमी कंदी मिठागरान उतरलाव का?"

सभेत कुजबुज. नानांनी हात वर केला. पण प्राध्यापक खरे शिकलेले निघाले. म्हणाले, "नाही, मावशी. का?"

"नुसत्या उनानं मीठ नाय येत. वारा लागतो, वारा! वारा पडला का पाणी रुसून बसतं."

"आणि मीठ आलं, हे कळतं कसं?"

"पायाला. सकालचं पाण्यान उतरायचं. पायाला टोचाया लागलं का समजायचं, आलं."

प्राध्यापकांनी टिपणं खिशात घातली, बाहेर आले आणि पायरीवर तिच्या शेजारी बसले. व्याख्यान उलट्या दिशेनं सुरू झालं! ते विचारत होते, हिराबाय सांगत होती, आणि आम्ही सगळे सतरंजी सोडून दारात गोळा झालो होतो. माझ्या पिशवीत कानटोप्यांखाली एक वही होती. मी लिहीत गेले.

पुढं चार महिने मी हिराबायच्या घरी जात राहिले. चिमी बरोबर. तिचे पाय मिठानं सोलवटतील म्हणून मी तिला मोजे घातले होते. हिराबायनं ते काढून कुंपणावर वाळत टाकले. "पोरीला काय बांधून ठेवतंस गो? पायाला बघू दे की!" चिमी त्या उथळ, आकाश साठवलेल्या पाण्यातून चालत गेली. लांबवर पांढऱ्या राशी. मी बांधावर उभी राहून एकाच वेळी घाबरत होते आणि सुखात होते. दोन्हींत फरक करायला मला अजून जमत नाही.

वही भरली. ती कुणाला दाखवायची नव्हती. मी फक्त नानांना दाखवली.

* * *

तीच चूक झाली!

वर्षअखेर विद्यापीठाचे एक वरिष्ठ गृहस्थ आमच्या मंडळाचं काम पाहायला येणार होते. त्या दिवशी मंडळातल्याच एखाद्या सभासदानं स्वतः अभ्यास करून एक विषय मांडायचा, अशी पद्धत होती. नानांनी मला त्या महिन्याचा मजकूर लिहायला दिला. मी खडू उचलला, वाचलं, आणि खडू खाली ठेवला.

'मिठागरातली माणसं.' पुढं माझं नाव!

"नाना, हे काय?"

"विद्यापीठाला कळवलंय."

"पण मी हो कुठं म्हटलंय?"

"वहिनी, दोन वर्षं तुम्हीच फळा लिहिताय. आपल्याकडे होकार आधी कधी आलाय का?"

मी म्हटलं, मी चारचौघांत उभी राहिले की घसा बंद होतो. कॉलेजात एकदा आभार मानायला उठले होते, आभार राहिले आणि मी खुर्ची उचलून घरी निघाले होते. नाना म्हणाले, "नसेल जमत तर नका बोलू. जबरदस्ती थोडीच आहे? नाव फळ्यावर लागेल, तुम्ही येणार नाही, एवढंच."

एवढंच! आणि दुसऱ्या दिवशी चिमी फडकं घेऊन उभी राहील. बोट ठेवून विचारेल, "हे झालं?" मी म्हणेन, "नाही झालं." मग ते नाव तिथंच राहील. पाच आठवडे, पाच महिने, ती रोज येता-जाता वाचेल. नुकतंच तिला आईचं नाव वाचता येऊ लागलं होतं.

मग ती झोप न लागलेली रात्र. सकाळी उठून मी फळ्यावर विषय लिहिला, वार लिहिला, वेळ लिहिली. आणि अगदी खाली, पट्टीला टेकून, 'गोवर जाणार'च्या मापात, माझं नाव.

अण्णा छत्री टेकत आले. खूप वेळ वाचून म्हणाले, "वक्ता कोण, ते लिहायचं राहिलंय."

घरी यांना सगळी पानं वाचून दाखवली. दुसऱ्याच पानावर हे घोरू लागले. उठल्यावर म्हणाले, "अगं, वाईट भाषणात माणसाला इतकी शांत झोप लागत नाही."

तो दिवस आला. गिरणी थांबली. खोलीत ऊन तिरकं झालं, पिठाचे कण तरंगायला लागले. विद्यापीठाचे गृहस्थ पहिल्या खुर्चीत, चष्मा पुसत. नाना त्यांच्या शेजारी. अण्णा इस्त्रीच्या कोटात. हिराबाय पायरीवर, आज केसांत अबोलीचा गजरा. चिमी सतरंजीच्या कडेला, दाराजवळ, यांच्या मांडीवर.

मी उभी राहिले. "अध्यक्षमहाराज," म्हटलं. आणि पुढं काहीच नाही. पानावर अक्षरं होती, माझीच होती, पण ती नुसती सुबक दिसत होती, वाचता येत नव्हती. खोली हळूहळू पाण्यासारखी झाली. कुणीतरी खोकलं. नानांनी डोळे मिटले.

मग मला दिसलं, चिमी यांच्या मांडीवरून उठली. फ्रॉकच्या खिशातून तिनं ओलं फडकं काढलं. घरून भिजवून आणलं होतं! फ्रॉकला ओला डाग पडलेला. ती माझ्याकडे एकदा बघून दाराकडे निघाली. फळ्याकडे.

"चिमे, थांब!" मी ओरडले. "झालं नाही अजून!"

सगळी सभा हसली. विद्यापीठाचे गृहस्थसुद्धा. चिमी जागच्या जागी उभी राहिली, फडकं दोन्ही हातांत धरून. मला वाटतं, मी तिलाच सांगायला लागले. की नुसत्या उन्हानं मीठ येत नाही. की वारा पडला तर पाणी रुसतं. की सकाळी पाण्यात उतरायचं, आणि पायाला टोचलं की समजायचं, आलं. मग पानांची गरज पडली नाही. मध्ये एकदा मी एक गोष्ट चुकीची सांगितली, तर पायरीवरून हिराबाय म्हणाली, "तसं नाय गो," आणि मी म्हटलं, "मग तूच सांग," आणि तिनं आत येऊन सांगितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा ती उंबरा ओलांडून आत आली होती.

संपलं तेव्हा बाहेर दिवे लागले होते. विद्यापीठाचे गृहस्थ माझ्याशी काहीतरी बोलले. बरंच बोलले, चांगलं बोलले असं हे म्हणतात. मला त्यातलं एक अक्षर आठवत नाही. त्यांच्या चष्म्यावर पीठ होतं, एवढंच आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी फळ्यापाशी गेलो. गिरणी अजून सुरू व्हायची होती. तळ्यावर धुकं होतं. चिमीनं विषयावर बोट ठेवलं.

"हे झालं?"

"झालं."

तिनं पुसलं. वार पुसला, वेळ पुसली. मग खाली बसून, अगदी जवळ नाक नेऊन, पट्टीला टेकलेलं माझं नाव तिनं एकेक अक्षर लावून वाचलं.

"हे पण झालं?"

"हो गं राणी," मी म्हटलं. वाटलं, आता ही माझ्या गळ्यात पडणार. आई, किती छान बोललीस, म्हणणार. मी खाली वाकलेसुद्धा.

तिनं फडक्याच्या एका फटकाऱ्यात नाव पुसलं. पेटीतून खडू काढला, फुंकून माझ्या हातात दिला, आणि फळ्याच्या बरोबर मध्यावर हात ठेवून म्हणाली,

"आता माझं लिही. आणि मोठं लिही हं, तुझ्यासारखं नको!"